मगरीला टाइप करता येत नाही

हॅलो? … कोण? … अगं तू होय! बरं झालं तूच केलास. मी आता करणारच होतो तुला… हो, हो, तुझ्या ऑफिसच्या वेळेतच करणार होतो. पगार तुझा कापला जातो, माझा नाही… ते राहू दे. तुझी आई बरी आहे ना?

… नाही, सहज.

… अगं सहज म्हणजे सहज! सख्ख्या बहिणीची चौकशी करायला आता भाचीची परवानगी काढावी लागते का? … सर्दी वगैरे? … ताप? … बोटं दुखतात का तिची? उजव्या हाताची? … नाही, बोटंच विचारतोय. … ठणठणीत आहे? सकाळी भांडली तुझ्याशी? कशावरून? … दूधवाल्यावरून. … वा, वा. म्हणजे तब्येत उत्तम आहे.

… मग झालंय तरी काय हिला… काही नाही, काही नाही, असंच तोंडातून निघालं. तू बोल.

… ब्लॉग? ब्लॉगचं काय? झकास चाललाय. आज सकाळीच नवी गोष्ट टाकली. वाचलीस? … अर्धी? मधल्या मजल्यावरच उतरलीस होय! अगं, पुढेच तर मजा आहे. ती लिफ्ट मी दुरुस्त केली ना, तिचा वेग जरा जास्तच वाढला. इतका, की माणसं वरच्या मजल्यावर पोचली की तिथे कालचा दिवस असायचा. एक साहेब तर रोज वर जाऊन कालचं जेवण पुन्हा जेवून यायचे. … खोटं कसलं? जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात मी. तू केल्यास का एक तरी? … मग!

… हो गं बाई, तू सांगितलंस तसंच केलंय सगळं. परिच्छेद लहान. … एका ओळीचे. काही ठिकाणी अर्ध्या. … प्रत्येक गोष्टीला फोटो. … हो, मागच्या गोष्टीतला तो अंगठाच आहे माझा. त्याच्या मागे लिफ्ट आहे. … अगं आहे, अंगठा पुढे आला म्हणून दिसत नाही. लोकांना आवडला तो. एकाने लिहिलंय, 'छान देखावा.' … आणि शेवटी वाचकांना एक प्रश्न. तोही टाकतो. 'तुम्हाला काय वाटतं?' … हो, मागच्या वेळी आलं ना उत्तर. 'मला वाटतं लेखक थापाड्या आहे.' … मोजून पाच मिनिटांत आलं!

… कॉमेंटना उत्तरं? प्रत्येकाला देतो. तूच म्हणालीस ना, उत्तर दिलं की वाचक टिकतो? … त्या बाईलाही दिलं. ती नाही का, 'एका महिन्यात पोट सपाट हवंय का' असं विचारत होती… विचारत नव्हती? मग? … जाहिरात? अगं, मी तिला माझ्या पोटाचा सगळा इतिहास लिहून पाठवला! … सविस्तर. लहानपणापासून. … आणि तिचं लगेच उत्तर आलं, 'तुमचे विचार फार उपयुक्त आहेत, खालच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवा.' … नाही ठेवलं. म्हटलं, आपली अजून तेवढी ओळख नाही. … मशीन? म्हणजे बाई नाहीच? … हात्तिच्या. … पण बघ, मशीन असूनही किती आपुलकीने बोलली. नाहीतर आपल्या घरातली माणसं.

… हं. … हं. … साफसफाई? कधी? … काल संध्याकाळी. बरं केलंस. त्या पोटवालीला आधी हाकल. … आणि? … आणि कोण?

… काटेकोर? त्या नावाने कॉमेंट लिहितो तो?

… थांब. थांब, थांब. मला बसू दे. … हं, बसलो. आता नीट सांग. काटेकोरचं काय केलंस?

… पुसल्यास. … सगळ्या कॉमेंट? पहिल्यापासून? … आणि वर कॉमेंटची खिडकीच बंद केलीस? … म्हणजे कुणालाच काही लिहिता येत नाही? … म्हणून! म्हणून होय! अगं, मी इथे सकाळपासून ती पोस्ट उघडतोय आणि मिटतोय! चहा केला, तो गार झाला. दुसरा केला, तो गार झाला. मला वाटलं, काटेकोरचं काही बरंवाईट झालं!

… कुणी सांगितले हे उद्योग? … अपमान? माझा? … अगं, 'थापाड्या' हा अपमान कधीपासून झाला? तो माझा हुद्दा आहे. … 'दहापैकी दोन.' हो, दिले होते. त्याच्या आधीच्या गोष्टीला दीड होता. म्हणजे प्रगती आहे की नाही? … 'सदर इमारतीत लिफ्टच नव्हती, जिना होता.' … बरोबर आहे. जिनाच होता. … मला माहीत आहे, म्हणून तर लिहिलं!

… काय सुधारलंस? … आजच्या गोष्टीत? … सूर्य? … पहिल्या ओळीतला? 'पश्चिमेला सूर्य उगवत होता' होतं, ते तू… पूर्वेला केलंस. … अगं बये! … चूक नव्हती ती! मी ठेवली होती ती! … ठेवली होती म्हणजे ठेवली होती, दाराला कडी ठेवतात तशी! बाहेरच्याला वाजवता यावी म्हणून! … प्रत्येक गोष्टीत एक ठेवतो. भूगोलाची. … मागे नाही का, वाळवंटातून बर्फाची नदी नेली होती? त्याच्याखाली काटेकोरने पानभर लिहिलं. पानभर! मी दोनदा वाचलं. … तुझं ते 'वाचकसंख्या वाढवा' वगैरे ठीक आहे गं, पण मला वाचक वाढवायचेत कुठे? मला एक पुरतो.

… कोण म्हणून काय विचारतेस? तूच सांग. भूगोलाची चूक दिसली की अंगावर काटा येतो. मार्क दिल्याशिवाय झोप लागत नाही. दुसऱ्याला 'सदर इमारत' म्हणून दम देते. आपल्या घरात असं कोण आहे? … आणखी विचार कर. … वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकापर्यंत शांतता व्हायची… अगं, आज सकाळी तुझ्याशी दूधवाल्यावरून भांडली ती!

… किंचाळू नकोस, ऑफिसात आहेस. … पाणी पी.

… हो, तुझी आई. … तिला मोबाइल धड वापरता येत नाही असं तुला कुणी सांगितलं? … तिनेच ना? … बघ. आणि थापा फक्त मामा मारतो असं वाटतं तुम्हाला.

… पुरावा हवाय? अगं ऐक ना. मगरीची गोष्ट आठवते? लहानपणी मी आणि तुझी आई लिफ्टमध्ये अडकलो, आणि आमच्याबरोबर सर्कशीतली मगर अडकली… हो, तीच, ती बटणं खाते ती. त्याच्याखाली काटेकोरने काय लिहिलं माहितीय? 'मगर नव्हती. लेखक भोकाड पसरून रडत होता. त्याला गप्प करायला त्या मुलीने आपल्या बुटाची नाडी काढून, तिला गाठी मारून, त्याला सोडवत बसायला दिली.' … हो. … हो, तसंच झालं होतं. ती नाडी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. … लाज वाटते म्हणून! … आता बघ, लिफ्टमध्ये होतं कोण? मी. तुझी आई. आणि फार तर मगर. मगरीला टाइप करता येत नाही. … मग उरलं कोण?

… नाही, नाही. मी ओळखलंय हे तिला माहीत नाही. आणि सांगायचं नाही हां तू! कळलं की दुसऱ्या दिवशी काटेकोर गडप. मग मी कुणासाठी नद्या उलट्या वाहवू?

… फोन करून? कसा करणार फोन? दाताच्या डॉक्टरकडे ती भानगड झाली ना… तुला नाही सांगितली तिने? … काही विशेष नाही गं. बाकावर बसलो होतो, आमचा नंबर काही येईना. शेजारची माणसं कंटाळली होती बिचारी. मी त्यांना म्हटलं, हिची कवळी वॉलरसच्या दाताची आहे. … एवढंच. … बरं, एवढंच नाही. थंडी पडली की ती पेल्यात आपोआप कडकड वाजते, असंही म्हटलं. … एका बाईने बघायला मागितली. … उघडलं ना, तुझ्या आईने तोंड उघडलं, पण कवळी दाखवायला नाही. म्हणाली, 'खरं असं एक तरी वाक्य सापडलं तर मला फोन कर. तोवर करू नकोस.' … दोन वर्षं झाली. … शोधतोय अजून! असलं घाईघाईत सापडतं का?

… हसू नकोस. … हसत नाहीयेस? … मग नाक कशाला ओढतेस? पुसून टाक, साहेब बघेल.

… ते जाऊ दे, आधी त्या कॉमेंट परत आण. … येतात? कुठे आहेत? … कचरापेटीत? सख्खी आई कचरापेटीत टाकलीस! … मी काढू? आत्ता? … बरं, सांग. कॉम्प्युटर चालूच आहे. … डावीकडे. … माझ्या डावीकडे की त्याच्या? … हं. चाक. चाकावर दाबलं. … सगळं काळं झालं. … पडदा काळा, अक्षरं पांढरी. … बिघडलं नाही म्हणतेस? मग राहू दे, मला बरं दिसतंय. … पुढे. 'कॉमेंट कोण करू शकतं.' … तीन गोल आहेत. … 'कुणीही', 'ओळखीचे', 'कुणीही नाही'. … वरचा? … दाबू? … नक्की? मागे तू असंच 'दाबा' म्हणालीस आणि माझी मगर दोनदा छापली गेली… बरं, बरं, दाबतो…

… हे टूं टूं काय वाजतंय? … नाही, मी काही नाही दाबलं अजून! … फोनमध्येच वाजतंय. … दुसरा फोन येतोय मध्ये. थांब, चष्मा… नाव दिसतंय…

… अगं.

… तुझी आई आहे.

… खोटं कशाला सांगू? … हो, आता कोण विश्वास ठेवणार माझ्यावर, पण 'ताई' लिहिलंय गं इथे, स्पष्ट! … तूच केलंस हे! लिहायची खिडकी बंद केलीस, मग वाफ जाणार कुठून? … नाही. मी नाही उचलत. … अगं पण काय बोलू? खरं असं काही तयार नाहीये माझ्याकडे! एक वाक्य नाही! तू दे ना एखादं… 'कशी आहेस'? तो प्रश्न झाला. त्यात खरं काय आणि खोटं काय! … वाजतोय अजून. … तिला धीर नाही, माहितीय ना… ठेव. तू ठेव. ठेव म्हणतो ना! … आणि ऐक, तो सूर्य परत पश्चिमेला लाव!

हॅलो?

… हो. मीच.

… हो, ताई. … हो. … लिफ्ट नव्हती. जिना होता. … वर कालचा दिवस नसतो. मान्य. … साहेब नव्हते, चौकीदार होता. हो. जेवण नव्हतं, बिस्किटं होती. … तू वाचतेस होय माझा ब्लॉग? … कधीमधी. … शेजारीण दाखवते. … बरं. शेजारीण. … नाही, मी कुठे काय म्हटलं? भली बाई असणार.

… सूर्य? त्याचं काय? पूर्वेलाच उगवलाय की. … हो, या वेळी बरोबर आहे. … मग? बरोबर आहे म्हणून फोन केलास?

… धडकी भरली? … अगं नाही, ठणठणीत आहे मी. … ताप नाही. … डोक्याला मार नाही. … खरंच. … पडलो नाही, झडलो नाही, दोन पायांवर आहे. … डॉक्टर कशाला? सूर्य पूर्वेला उगवला म्हणून डॉक्टर?

… ताई, ऐक. ऐक ना जरा. ते तू म्हणाली होतीस ना… खरं असं एक वाक्य… सापडलंय. आत्ताच. सांगू?

… सकाळपासून तुझी वाट बघत होतो.

… एवढंच. पुढे काही नाही. मगर नाही, काही नाही.

… हं. … किती दिलेस? … साडेनऊ? अर्धा कशाचा कापला? … उशिरा जमा केल्याबद्दल. … बरोबर आहे. दोन वर्षं म्हणजे उशीरच.

… जेवलीस? … मी? आता जेवेन. … हो, गरम करून. … ताई, ठेवू नकोस, एकच विचारतो. तुला ती खरंच दिसली नव्हती का गं? … अगं ती! तू खाली बसून नाडीला गाठी मारत होतीस ना, तेव्हा ती अगदी तुझ्या मागे… हिरवीगार… तोंडात तिसऱ्या मजल्याचं बटण…

… हॅलो? … हॅलो?

फोन आदळला! अगदी पूर्वीसारखा.