दोन मशीनं

कॉम्प्युटरच्या घरघरीला वैतागलात ना, मग हे ऐका. जळगावच्या घरी आमचा पहिला कॉम्प्युटर आला तो माझ्या प्रोजेक्टसाठी, आणि बसला आजोबांच्या खोलीत. आजोबांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांच्या कानाला मशीन होतं.

पहिल्याच दिवशी ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "बेटा, तुनं मशीन मनं मशीन खाई ऱ्हायनं. नुसती घरघर ऐकू येस."

घरघरायचा तो प्रोसेसरवरचा पंखा. मी वायर बदलून त्याचा वेग कमी केला. आवाज गेला, पण मे महिना होता. दुपारी प्रोसेसर इतका तापला की कॉम्प्युटर बंद पडला आणि सकाळपासूनचं काम गेलं. मी पंखा पुन्हा जोरात लावला.

"नाना, दोन्ही मशीनं एकदम नाही चालणार."

"मग कोणतं बंद करू?"

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हणाले.

त्यानंतर नानांनी माझ्याशी वाद घालणंच सोडलं. लग्न आत्ता नाही, पुण्याला नोकरी करणार, असं मी सांगितलं तेव्हाही हसून म्हणाले, "बरं शे, बेटा." नाना सुधारले, असं मी घरभर सांगत फिरले.

दिवाळीआधी नाना गेले. त्यांच्या ट्रंकेत कानाचं मशीन सापडलं, कापसात गुंडाळलेलं, सेल काढलेले.

आई म्हणाली, "तू रागावलीस ना मे महिन्यात, त्याच दिवशी काढलं त्यांनी."

पुण्याला जायला नानांनी हो म्हटलं होतं, असंच मी अजून सगळ्यांना सांगते.