काळ्या रेतीतली फुली

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा... हो काका, तुम्हीपण! आणि मागे खांबाआड बसलेल्या मावश्या, ऐकू येतंय ना? पुढे एवढी सतरंजी मोकळी पडलीये आणि तुम्ही तिकडे का बसलात, तेच कळत नाही मला. बरं, राहू दे. त्याचं नंतर बघू.

आधी एक प्रश्न. सोपा आहे, घाबरू नका, माझ्या गणिताच्या पेपरासारखा नाही! आज सकाळपासून तुम्ही घरातून काय काय टाकलंत? भाजीचे देठ? चहाचा चोथा? एखादं फुटकं झाकण? आता खरं सांगा, देवासमोर बसलाय, टाकण्याआधी दुसऱ्यांदा कोणी बघितलं होतं?

बघा! एकही हात वर नाही!

मग एकदा बघून ज्याला आपण कचरा म्हटलं, तो कचराच असतो का हो? की आपल्याच नजरेला घाई असते? याचं उत्तर मी देणार नाही. मी अजून दहावीत आहे. उत्तर देईल रायवंता.

कोण ही रायवंता? तर तिकडे पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, एका नदीच्या काठी सोनझाऱ्यांची वस्ती होती. सोनझारी म्हणजे नदीची रेती धुऊन त्यातलं सोनं काढणारी माणसं. ए, ए, पहिल्या रांगेतल्या काकू! लगेच मिस्टरांकडे काय बघताय? सोपं नसतं ते! दिवसभर गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. लाकडी परातीत रेती घ्यायची आणि घोळायची — घोळायची — घोळायची! हलकी पांढरी रेती वाहून जाते आणि तळाशी उरते ती जड, काळी रेती. कोळशाच्या भुकटीसारखी. त्या काळ्या रेतीत सोनं असतं. दिसतं का? छे! पिठासारखं बारीक! ती काळी रेती मडक्यात साठवायची, आणि हंगाम संपला की घरी बसून निवडायची.

आता नदीवर रायवंताचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणाची एक परात होईस्तोवर हिच्या तीन! पण घरचं निवडायचं काम तिचं नव्हे. ते तिच्या मोठ्या जावेचं, कौतिकाचं. कौतिका इतकी सावकाश, इतकी सावकाश, की रायवंता म्हणायची, "जाऊबाई, तुमी मडकं निवडेपर्यंत नदी आटते!" कौतिका नुसती हसायची.

आणि एक सवय होती कौतिकाला. घराच्या मोरीतून पाणी बाहेर पडतं ना, तिथे एक टिनाचा टब ठेवायची. धुण्याचं, भांड्यांचं, सगळं पाणी त्या टबात. सगळी वस्ती हसायची, "कौतिका पाण्याचं लोणचं घालते!" घालू दे म्हणावं! तुम्ही फक्त तो टब लक्षात ठेवा.

तर रायवंताची लेक देवका, तिचं लग्न ठरलं. आणि रायवंताच्या घरची रीत अशी, की नवरीच्या नाकातली फुली घरच्या सोन्याची. बाजारातली नाही! घरच्यांनी नदीतून काढलेलं, घरीच निवडलेलं सोनं. आणि ज्या हातानं ते काळ्यातून वेगळं केलं, त्याच हातानं ती फुली नवरीच्या नाकात घालायची. रायवंताच्या सासूनंही आपल्या लेकीच्या नाकात तशीच घातली होती.

व्याही मंडळी बोलणी करायला आली, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "फुली आमी तालुक्याहून आणतो. छान चमकीची भेटते."

रायवंता ताडकन उठली! "चमकीची तुमच्या घरी आल्यावर घाला. माझी लेक माझ्या उंबऱ्यातून निघंल ते आमच्या नदीची फुली घालून!"

झालं! शब्द गेला. मडकं भरलेलं होतं, मग अडचण कसली?

अडचण होती, मंडळी. त्याच वर्षी कौतिकाचे यजमान गेले होते. वस्तीतल्या चार बायका आल्या, आणि आवाज बारीक करून... तो आवाज ठाऊक आहे ना तुम्हाला? तोच! म्हणाल्या, "रायवंता, यंदा निवडायला कौतिकाले नको बसवू वो. नवरीचं सोनं हाय. तिचा हात बरा नाही."

आणि रायवंतानं — जिनं त्या हातचा भात पंधरा वर्षं खाल्ला होता — मान हलवली! कौतिका चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. मडकं तिच्याच खोलीत होतं, ते उचलून तिनं रायवंताच्या दारात ठेवलं आणि परत चुलीपाशी जाऊन बसली.

लग्नाला तीन दिवस उरले. रायवंता सकाळपासून करंज्या तळत होती. तळून झाल्या, हात पदराला पुसले, बसली निवडायला. काळी रेती तव्यावर कोरडी केली. जुन्या फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेतलं आणि खुपसलं सरळ ढिगात! वा! काळ्या रेतीला लोखंडाची ओढ, ती चुंबकाला अशी चिकटली, जशी दाढीच फुटली त्याला! रायवंता खूश. "हे बघा! जाऊबाईले आठ दिवस लागतात, माझं घटकाभरात!" दाढी खरवडली, फेकली अंगणात. पुन्हा दाढी, पुन्हा अंगणात!

खाली उरलं ते थाळीत घेतलं, पाणी घातलं, हातानं ढवळलं. पाण्यावर काहीतरी पिवळट तरंगलं. सायीसारखं, पातळ. रायवंता म्हणाली, "मळ हाय." कारण सोनं कसं? जड! तरंगतं ते सोनं कसं असेल? बरोबर ना? ओतलं मोरीत!

आणि मग थाळीच्या तळाशी बघितलं.

दोन कण.

मंडळी, दोन! उवेच्या नाकात घालायलासुद्धा पुरले नसते! अख्खा हंगाम पाण्यात उभी राहिलेली बाई, आणि हातात दोन कण! डोळ्यांपुढे काय आलं? विहीणबाईंचा चेहरा. चमकीची फुली. आणि देवका, नाकात बाजारचा खडा घालून, मान खाली घालून उंबरा ओलांडणारी देवका.

आता अशा वेळी माणूस काय करतं? स्वतःकडे बघतं का? ते फार लांब पडतं हो! शेजारी बघणं सोपं. रायवंता उठली आणि चुलीपाशी गेली.

"जाऊबाई, मडकं वर्षभर तुमच्याच खोलीत होतं ना?"

"होतं."

"मंग सोनं कुठं गेलं? मी हात लावू देल्ला नाही म्हणून काढून ठेवलं का तुमी?"

देवका ओरडली, "माय! मोठ्या मायला काय म्हणतेस तू हे?"

मंडळी, तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तर करंजीचं ताटच उपडं केलं असतं! कौतिकानं काय केलं? ती जवळ आली आणि म्हणाली, "हात दाखव."

"कायले?"

"दाखव तं खरं."

तिनं रायवंताचा हात नाकाशी नेला. वास घेतला. आणि भरल्या डोळ्यांनी ती बाई हसली हो!

"करंज्या!" म्हणाली. "अवो येडे, तेलाचा हात घातला थाळीत! पिठासारखं सोनं ते. तेल लागलं का पाणी त्याले आत घेत नाही, वरच तरंगते. मळ म्हणून ओतलं नं?"

रायवंता मोरीकडे धावली. "मोरीत ओतलं... वाहून गेलं..."

"कुठं वाहते?" कौतिका म्हणाली.

टब! मंडळी, टब!! ज्या टबाला वस्ती हसली, तो टब मोरीच्या तोंडाशी शांत बसला होता, आणि त्या पाण्यावर ती पिवळी साय तशीच तरंगत होती. बोला, विठ्ठल विठ्ठल! अहो, नुसते बघताय काय? वाजवा की टाळ!

मग पदर खोचला कौतिकानं... आणि थांबली. रायवंताकडे बघून म्हणाली, "मी हात लावू का? नवरीचं हाय."

बाण बरा हो, हा प्रश्न नको! रायवंता थाळीपाशी गेली. तिनं नुसतं लोहचुंबक उचललं आणि दोन्ही हातांनी कौतिकापुढे धरलं.

आता माझ्यामागे म्हणा. मी म्हणेन, "काळ्यामधलं पिवळं गं, दिसेल..." तुम्ही म्हणायचं, "हळूहळू!" जोरात! लाजू नका!

रिठ्याच्या पाण्याचा एक थेंब सायीवर सोडला. एकच! ती साय फाटली आणि कण कण खाली बसला. काळ्यामधलं पिवळं गं, दिसेल — हळूहळू!

अंगणातला ढीग झाडूनं नाही, कोंबडीच्या पिसानं गोळा केला, पुन्हा कोरडा केला. चुंबकाला कागद गुंडाळला. ढिगात खुपसला नाही हं, वरूनच अलगद फिरवला! दाढी आली. शेजारच्या ताटात नेऊन कागद काढला, दाढी पडली. फेकली का? नाही! पुन्हा चुंबक, पुन्हा ताट. कारण दाढीत काळ्या कणांच्या मिठीत पिवळा कण अडकून येतो. एकदा सोडवला, दोनदा सोडवला, सात वेळा सोडवला! दिसेल — हळूहळू! शेजारीण डोकावली, "पारा आणू का वो? झटकन होते!" कौतिका म्हणाली, "झटकन होते, आन् त्याचा धूर छातीत जाते. लग्न हाय घरात, दवाखाना नाही."

दोन रात्री जागून ढीग संपवला, मग थाळी तिरपी केली. बोटानं काठावर टक टक टक. काळं पुढं सरकलं, आणि मागे थाळीच्या कडेला पिवळी रेघ! अशी बारीक! नवरीच्या हळदीचं बोट ओढावं तशी!

सोनारानं सवागी, म्हणजे टाकणखार टाकून ती रेघ वितळवली. तांदळाच्या दाण्याएवढी गोळी झाली. त्याची झाली फुली.

संपलं? नाही हो! खरं तर आता सुरू होतंय.

लग्नाचा दिवस. मांडवात देवका पाटावर बसलेली. ताटात फुली. भटजी म्हणाले, "कोण घालणार फुली? या पुढे!" रायवंता पुढे आली. नवी साडी, डोळ्यांत पाणी. तिनं फुली उचलली. किती वर्षं वाट बघितली होती तिनं या क्षणाची! ती लेकीच्या नाकाशी वाकली... आणि हात थांबला.

तिनं मान वळवली. कौतिका कुठे होती? मांडवाच्या मागच्या खांबाआड. लांब.

रायवंता म्हणाली, "जाऊबाई, इकडं या."

त्याच चार बायका पुढे सरसावल्या! त्याच बारीक आवाजात, "अवो रायवंता, शुभकार्य हाय..."

आणि रायवंता बोलली... बारीक नाही! मांडवाचे खांब हलतील अशी बोलली! "घरची रीत काय हाय? ज्या हातानं काळ्यातून सोनं वेगळं केलं, तोच हात फुली घालंल! माझ्या हातानं सोनं मोरीत ओतलं. ह्या हातानं परत आणलं. सांगा आता, कोणाचा हात बरा नाही?"

विहीणबाईच उठल्या, खांबाजवळ गेल्या आणि कौतिकाला दंडाला धरून पाटापाशी घेऊन आल्या. कौतिकाचा हात इतका कापत होता, की फुली दोनदा निसटली. देवका खुदकन हसली. "मोठी माय, सावकाश. नदी आटली तरी चालंल!"

आणि तिसऱ्यांदा ती फुली बसली.

मंडळी, रायवंतानं दोन गोष्टी एकदाच बघून टाकल्या होत्या. एक काळी रेती. दुसरी कोण, ते तुम्हाला कळलंय. रेती टबानं राखली. माणूस मात्र तिला स्वतः खांबाआडून बोलवावं लागलं.

आता आरतीची वेळ झाली. ताट तयार आहे, वात पेटलीये, पहिल्या रांगेतल्या काकूंनी हातही पुढे केलाय. थांबा काकू! रागावू नका. एक सांगा, सुरुवातीला मी विचारलं होतं, मागच्या मावश्या तिथे खांबाआड का बसल्यात? तेव्हा मला कळत नव्हतं म्हणाले... खोटं बोलले. कळत होतं. तुम्हालाही कळत होतं.

आज आरतीचं ताट त्याच मावश्या धरतील. त्याशिवाय मी सूर धरणार नाही, आणि पेटीवाले दादा माझ्या बाजूनं आहेत, मी आधीच विचारून ठेवलंय! चला काकू, उठा. तुम्हीच जा, दंडाला धरून आणा त्यांना.

...वाट द्या, वाट द्या! या मावशी. सावकाश. आम्हाला काही घाई नाही.