मानेवरचे पट्टे

दुखणारच थोडं, डॉक्टरसाहेब — उशीत तोंड घाला आणि पडून राहा. वारा किती भरलाय अंगात, पाठ नुसती दगड झालीय; नाण्यानं खरवडल्याशिवाय निघायचा नाही. आपल्याच गोळ्या खाल्ल्यात म्हणता, उतार नाही — असू दे, गोळ्यांशी माझं वैर नाही. डोक्यावर टोपी ओढून परसदारानं आलात, तेही बरं केलंत. 'गिनेमबाईकडे पाठ खरवडून घेऊ नका' असं गावभर सांगणारा माणूस तिच्याच चटईवर पालथा! मी सांगते होय कुणाला? मी कशाला सांगू.

हेच नाणं बरं का, असंच खोबरेलात बुडवून माझ्या रुक्मीच्या पाठीवर फिरवलं होतं. आईविना वाढलेली नात, सर्दीनं बेजार — मी नाही तर कोण करणार? दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंनी पट्टे पाहिले, तुमच्याकडे आणली. आता तुम्ही काय परमुलखातले? तुमच्याही आजीनं ओढलेच असतील की असे पट्टे. ठाऊक होतं तुम्हाला. तरी तिच्या बापाला म्हणालात, हे आणि मारणं एकच. त्यानं पोरीला नेलं शहरात, सुराबायाला, सावत्र आईकडे. जाताना माझा पदर सुटत नव्हता तिच्या मुठीतून.

हलू नका. मान राहिलीय अजून.

तेव्हापासून सोमवार-गुरुवार रोजा धरते मी. शेजारणी म्हणतात, नातीसाठी किती करते म्हातारी. नातीसाठीच — पण खरं सांगू? अल्लाकडे मी तुमची मानही मागत होते. आज गुरुवार. रोजा सोडायला खजूर तोंडात टाकला, आणि दारात तुम्ही.

झालं. कानाखालपर्यंत ओढलेत, चांगले जांभळे उठलेत. उद्या जिल्ह्याचे साहेब यायचेत ना दवाखान्यात? कॉलर कितीही वर करा, नाही झाकायचे. कुणीतरी विचारीलच — डॉक्टर, कुणी मारलं हो तुम्हाला?

काय सांगाल मग?

— हं. अस्संच सांगा. कुणी मारलं नाही, बरं वाटावं म्हणून केलंय. आणि तेच सुराबायाला फोन करून रुक्मीच्या बापाला सांगा, शब्दन् शब्द. तिची चटई मी रोज झटकून ठेवते.

आल्याचा काढा घ्या, गरम आहे. सदरा घाला.

तिकडे कुठे? परसदाराला कडी लावलीय मी. पुढच्या दारानं जा.