पाचवीचा कागद

ताईबाई : परत काढी लिधं? नातूना पोटमाईन दूध वढी लिधं?

सिस्टर : नाकातल्या नळीतून ओढून बघते, आजी. आधीचं पचलं की नाही ते. बघा, नळीत हिरवं आलंय. आता दूध बंद.

ताईबाई : बंद? असं नको करू वं, वच्छलाबाई! आज पाचवी शे त्यानी. रातले सटवाई येस नशीब लिखाले. उपाशी पोरना कपाळवर ती काय लिखी?

सिस्टर : तुमच्या सटवाईला सांगा, जरा दमानं घे. पोट बघा कसं तटतटलंय. दिवस भरायच्या आत आलेलं लेकरू, मूठभर जीव. सकाळी तर बरं होतं... पदराला काय लागलंय तुमच्या?

ताईबाई : काय नही. भाजी.

सिस्टर : इथे कुठली भाजी? माझ्याकडे बघा. ओकलं का सकाळी बाळ?

ताईबाई : ...ओकनं. जरासं. हिरवं.

सिस्टर : आणि तुम्ही पुसून टाकलंत!

ताईबाई : परवा बाजूनं पोर ओकनं, तं त्यानं दूध बंद करं तुमीन. शिरपूरथून छातीले लाईसन आनेल शे मी याले. मी म्हनं, आजना दिन तरी पोट भरेल राहू दे.

सिस्टर : अहो, ओकलं तर सांगायला बसवलं होतं तुम्हाला, झाकायला नाही! सकाळीच थांबवलं असतं सगळं. आता पाय बघा, गार पडलेत.

ताईबाई : मार माले. जोडा काढ अन् मार. पन त्याले वाचाड.

सिस्टर : सरका. मावशी, डॉक्टरांना बोलवा, पळा!

ताईबाई : कपाळवर बोट कसाले दाबस?

सिस्टर : रक्त फिरतंय का बघते. दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की लगेच लाली यायला हवी.

ताईबाई : तठे नको वं माय. तठेच लिखस ती.

सिस्टर : बरं. छातीवर दाबते.

ताईबाई : ...पांढरंच शे.

सिस्टर : हो.

ताईबाई : आते येई लाली. येई ना?

सिस्टर : डॉक्टर आले. तुम्ही बाहेर बसा, आजी.

(दिवेलागण. वॉर्डाबाहेरचं बाकडं.)

सिस्टर : आजी... नाही राहिला तो. डॉक्टरांनी खूप केलं.

ताईबाई : मी मारं त्याले.

सिस्टर : असं नका म्हणू. फार नाजूक होता.

ताईबाई : खोटं नको बोलू. मी सकाळीच सांगतू तं?

सिस्टर : ...कदाचित वाचला असता.

ताईबाई : सून तिकडे बाळंतीनना वॉर्डमा वाटी भरी बठेल व्हई आंगवरना दूधनी. तिले काय सांगू वं मी?

सिस्टर : मी येते तुमच्याबरोबर. चला. हातात काय धरलंय?

ताईबाई : सटवाईना कागद. उशाशी ठेवना व्हता रातले, पेनसंगे.

सिस्टर : द्या, मी ठेवते.

ताईबाई : राहू दे. कोराच शे. ती येवाना पहिले मीच लिखी टाकं त्यानं नशीब.