उताऱ्याबाहेरचं उत्तर

पाटोद्याच्या बसथांब्यावर सत्यशीलाबाईंना पुढच्या मुलीच्या इअरफोनची वायर काळ्या चिकटपट्टीनं जोडलेली दिसली. "उतारा पुन्हा वाचा, मग उत्तर द्या," असं फोनवरच्या चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीत सावकाश सांगून त्या मुलीनं फोन ठेवला. शेजारी बसलेला तिचा मामा लगेच खेकसला.

"वर्षाराणी, पोराकडचे म्हणतेत, लग्नानंतर चिन्यांची शिकवणी बंद."

"पोरगा काय करतो, मामा?"

"घराणं लई मोठं हाय! गाडीवर पुढाऱ्याचा फोटो हाय."

"पोरगा काय करतो, असं विचारलं मी."

"दोन मजली घर हाय की!"

"माझ्या चिनी पोरांनी असं उत्तर दिलं, तर मी शून्य मार्क देते."

"कावून नखरे करतीस? दिवाळीपासून नुसतं 'विचार करते' म्हणतीस. आज त्यान्ला काय सांगू?"

"सांगा, हे लग्न मी करणार न्हाई."