हिंदमाताची पहिली साडी

मी मूळचा देवगडकडचा. मॅट्रिक झालो, मुंबईत आलो आणि करी रोडला राहून गिरणीत विणकर झालो. वाचनालयाचं पुस्तक डब्याबरोबर नेणारा खात्यात मी एकटाच. कापड बिघडलं की तपासणारा नुसता ओरडायचा, डाग आहे, डाग आहे, त्याने कोण सुधारतो? आमचा जॉबर, खात्याचा मुकादम, मात्र माझं बोट धरून तुटलेल्या सुताच्या तारेवर ठेवायचा, म्हणायचा, बघ, इथे चुकलास.

मग संप झाला. काय सांगू तुम्हाला, घर चाललं ते दादरला हिंदमाताच्या दुकानातल्या साड्यांना फॉल लावून. लावायची माझी बायको, सुमती. पण ते काम मी मिळवलं, दुकानाच्या पायरीवर उभं राहून शेटजींशी बोललो, पहिली साडी, हिरवी, काखेत मारून आणली, असं मी पंचवीस वर्षं सांगत आलो. शेजारचा बाबल म्हणायचा, भाऊ, तू होतास म्हणून निभावलं! अशा प्रत्येक शाबासकीने ती साडी मला आणखी हिरवी दिसायची. सुमती तेवढी म्हणायची, तसं नव्हतं हो. मी म्हणायचो, तुला काय आठवतंय.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. सुनेला मी पुन्हा तेच सांगत होतो, तर सुमतीने माझं बोट धरलं, जॉबर धरायचा तसं. म्हणाली, अहो, तेव्हा तुम्ही गावी होतात, भाताच्या लावणीला. मी एकटी चालत गेले, चिंधीवर टाके घालून दाखवले. हिरव्या साडीचं तुम्हाला पत्रात कळवलं होतं.

पत्र! वाचणारा माणूस मी, वाचलं आणि त्या पायरीवर स्वतःलाच उभं केलं.

तिच्या तेराव्याला बाबल बोलू लागला, संपात भाऊने घर... मी म्हटलं, बाबल, थांब. घर हिने तारलं, मी तेव्हा भात लावत होतो. बाबल म्हणाला, मेल्या, इतकी वर्षं फसवलंस आम्हाला? म्हटलं, आधी मीच फसलो होतो. सगळे हसले, मग बाबलनेच डोळे पुसले.

आता नातीला घेऊन हिंदमातावरून जातो तेव्हा ती पायरी दाखवतो. इथे तुझी आजी एकटी उभी राहिली. पूर्वी स्वतःचं सांगताना छाती फुगायची, पण आता जेवढी फुगते तेवढी तेव्हा कधीच फुगली नाही. नातीच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणतो, बाय, तुझ्या हाताला तिचा टाका येवो.