कोऱ्या फुग्याचा खरा धनी

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती, त्यांना चाळीस वर्षं निभावून नेणाऱ्या आमच्या वहिनी, स्टुडिओतली चित्रकार मंडळी आणि खुर्ची न मिळाल्याने दाराशी ताटकळत उभे असलेले रसिकहो,

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मघाशी मानपत्र वाचताना अध्यक्षबाई तिसऱ्या परिच्छेदात अडखळल्या. त्यात त्यांचा किंवा त्यांच्या चष्म्याचा काही दोष नाही. तिथलं एक वाक्य गाळलेलं आहे. मानपत्र माझ्या हातचं आहे, तेव्हा गाळणाराही मीच. समितीने दिलेलं वाक्य असं होतं : 'चित्रकथेच्या अखेरच्या चौकटीत संवादाचा फुगा कोरा ठेवण्याचं धाडस त्यांनी केलं आणि त्याच क्षणी त्यांच्यातला चित्रपटकार जन्माला आला.' वाक्य झकास आहे. फक्त ते खरं नाही. परवा तीन वेळा लेखणी शाईत बुडवली आणि तिन्ही वेळा पुसून ठेवली.

तरुण मंडळींना मी कोण ते ठाऊक नसेल. एका साप्ताहिकात 'कुलूपवाला' नावाची चित्रकथा अठरा वर्षं चालली. चित्रं यांची, म्हणजे आजच्या सत्कारमूर्तींची, संवादही यांचेच आणि फुग्यांतली अक्षरं माझी. तेव्हा संगणक नव्हता, एकेक अक्षर हाताने लिहायचं. हे चित्र काढताना वर फुग्यासाठी जागा सोडायचे आणि प्रत्येक चौकटीचा संवाद चिठ्ठीवर लिहून पानाच्या मागे टाचायचे. कागदाला भोक पडेपर्यंत खोडायची सवय, म्हणून कचेरीत सगळे यांना 'खोडू' म्हणत. आज मी अहो-जाहो करतोय, पण त्याची सवय दोघांनाही नाही.

जागेवरून आमची रोज जुंपायची.

"तुझा कुलूपवाला कुलूप उघडण्याआधी एवढं भाषण का ठोकतो रे? जागा कुठाय?"

"तू अक्षरं बारीक काढ."

"आणि वाचकांना काय, भिंगं वाटायची?"

मग धुसफुसत हे माणसांची डोकी आणखी खाली घ्यायचे. अठरा वर्षं असं चाललं. त्याहून बरे दिवस मी पाहिलेले नाहीत, हे आज उघड सांगतो.

आणि एक दिवस दातांच्या डॉक्टरकडे वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "सिनेमाच्या कामाचं तुम्हाला सांगितलंच असेल ह्यांनी." मी म्हटलं, "हो, कधीच!" जबडा सुजलेला होता, त्यामुळे माझ्या चेहऱ्यावरचं त्यांना काही कळलं नसावं. पण अंगाची लाही झाली. साप्ताहिक सोडून चालले, चित्रकथा बंद होणार, आणि हे मला कळतंय कुठे, तर दवाखान्यात?

पुढच्याच आठवड्यात शेवटचं पान टेबलावर आलं. अखेरच्या चौकटीत कुलूपवाला आपल्या जोडीदाराच्या हातात किल्ल्यांचा जुडगा देतो आणि काहीतरी बोलतो. मी बाकीचे फुगे लिहिले. त्या चौकटीची चिठ्ठी मात्र उघडलीसुद्धा नाही. फुगा कोरा ठेवून पान पाकिटात घातलं.

माझा हिशेब सोपा होता. छपाईला जाण्याआधी हे प्रत्येक पान पट्टी लावून तपासायचे. आता कोरा फुगा दिसेल, हे तणतणत येतील, आणि मग मीही मनातलं सगळं बाहेर काढीन. हे आले खरे, पण घाईत. पाकीट उचललं आणि म्हणाले, "तू लिहिलंयस ना? मग बघायचं काय!" अठरा वर्षांत पहिल्यांदाच न बघता सही केली. 'थांब' एवढा एक शब्द मला बोलता आला असता. मी बोललो नाही.

अंक बाजारात गेला. संपादकांनी सगळ्यांसमोर दोघांना उभं केलं. "हा काय गाढवपणा आहे?" यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "मीच सांगितलं होतं. कोराच हवा होता." संपादक जे बोलले ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी कचेरीत ठरलेला यांचा निरोप समारंभ रद्द झाला. हार परत पाठवला. हे आपल्या पेन्सिली पिशवीत भरून एकटे जिना उतरून गेले. तो कोरा फुगा म्हणजे थोर कला, असं जाणकारांनी लिहिलं ते फार नंतर.

पंधरवड्याने टेबल आवरताना छापखान्यातून परत आलेलं ते पान हाती आलं. चिठ्ठी उघडली. कुलूपवाल्याचा संवाद होता : 'मी निघतोय. तुला आधी सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.'

आता सांगा, हे कुलूपवाला कुणाला सांगत होता? तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून या माणसाने ते माझ्याच हातून लिहून घ्यायचं ठरवलं होतं. मी त्या टेबलाशी बसून रडलो.

पुढे यांच्या पहिल्या चित्रपटाचा, म्हणजे हाताने काढलेल्या हलत्या चित्रांच्या सिनेमाचा, खेळ झाला. मी बोलावणं नसताना जाऊन मागे बसलो. पडद्यावर माणसं धावत होती, भांडत होती, पण सगळी जणू गुडघाभर खड्ड्यात उभी! वर नुसतं आभाळ. लोक हसू लागले, आणि का ते कुणालाच कळेना. मला कळलं. हात अजून फुग्यांसाठी जागा सोडत होता. नंतर सात महिने बसून सगळी माणसं वर घेतली यांनी. मग मला निरोप आला, 'नावं लिहायची आहेत, ये.' तेव्हापासून सहाही चित्रपटांची नामावली माझ्या हातची आहे. फुग्याचा विषय ना यांनी काढला, ना मी. सव्वीस वर्षं झाली.

आपल्या स्टुडिओची सूत्रं आज हे ज्या तरुणांच्या हाती देत आहेत, त्यांना माझ्या शुभेच्छा. समितीने मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर आपण मोठ्या मनाने पोटात घालालच. पण मूळ चूक पोटात घालणं आपल्या हातात नाही. ती ज्याच्या बाबतीत केली, त्याच्यापाशीच बोललं पाहिजे.

अरे खोडू, फुगा मी कोरा ठेवला. मुद्दाम ठेवला. तुझा निरोप समारंभ मी बुडवला आणि बोलणी तू खाल्लीस. चुकलो मी. माफ कर मला.

नाही, नाही, माइक देऊ नका त्यांना. मला माहीत आहे हे काय म्हणणार ते. पुन्हा सगळं स्वतःवर घेणार. बस खाली. आज तरी माझी चूक माझ्याच नावावर राहू दे.

धन्यवाद.